‘इनॉग्युरेट’ आणि आरंभ

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस ‘बिगिन’, ‘कमेन्स’ आणि ‘इनॉग्युरेट’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटतात. कोशांत तिघांपुढें ‘आरंभ करणें’ असें आढळलें, कीं वाटेल तो शब्द वाटेल तेथें बसविला जातो. आमच्या एका विद्यार्थ्यानें ‘कालपासून मीं अभ्यास इनॉग्युरेट केला’ असें पत्रीं कळविलें होतें! त्याच्या उत्साहाचें कौतुक वाटलें. शब्दाची मात्र कींव आली.

हा शब्द मूळचा लॅटिन. प्राचीन रोमांत ‘ऑगर’ नांवाचे पुरोहित असत. पक्ष्यांचें उड्डाण पाहून देवतांची अनुमति आहे कीं नाहीं, हें ते सांगत. असा शकुन घेऊन एखाद्यास पदावर प्रतिष्ठित करणें, हा या क्रियापदाचा जुना अर्थ होय. संस्कृतांतहि ‘शकुन’ म्हणजे पक्षी आणि शुभाशुभ चिन्हहि. हें साम्य मोठें मौजेचें आहे.

तात्पर्य, या शब्दास विधीचा वास आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरांत होते. परंतु ‘इनॉग्युरेशन’ म्हणतात तें त्याच्या शपथविधीस. पूर्वीं तो ४ मार्च रोजीं होई. १९३७ पासून २० जानेवारी हा दिवस ठरला आहे. इमारत, परिषद, नवें युग यांस हें क्रियापद शोभतें. जेवणास किंवा पावसास नव्हे. शिवाय तें सकर्मक आहे. सभा आपण होऊन ‘इनॉग्युरेट’ होत नाहीं. ती कोणीतरी करावी लागते.

आपण या शब्दासाठीं ‘उद्घाटन’ योजतों. त्याचा मूलार्थ केवळ ‘उघडणें’. आमच्या उमेदीच्या काळीं एका शाळेंत ग्रंथालयाचें थाटानें उद्घाटन झालें. हारतुरे, भाषणें, सर्व यथासांग. पुस्तकें हरवतील या भीतीनें कपाटाची किल्ली मात्र आम्हींच खिशांत ठेविली. तीन महिन्यांनीं एका लहान मुलानें विचारलें, “गुरुजी, उद्घाटन झालें; आतां कपाट कधीं उघडणार?” आम्हीं निरुत्तर झालों आणि त्याच दिवशीं किल्ली लाविली.

तेव्हां वाचकहो, मुलांस या दोन शब्दांतील भेद अवश्य शिकवावा. ‘इनॉग्युरेट’ एका दिवसाचें असतें. ‘बिगिन’ मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपणांसच करावें लागतें.