शहराचं नाव बदललं आणि मामांची वेबसाइट गप्प झाली

हा भाग ऐकून बऱ्याच जणांचा एकच मेसेज आला, "ते आकड्यांचं परत सांग." बोलताना मी तिथे जरा पळालोच होतो. म्हणून इथे ते सावकाश लिहितोय. बसमध्ये असाल तर वाचा, गाडी चालवत असाल तर मोबाइल खिशात ठेवा.

माझे मामा आपल्याच शहरात टॅक्सी आणि टूरचं काम करतात. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, मकबरा, एवढाच पसारा. सहा-सात वर्षांपूर्वी कॉलेजात असताना मी त्यांना वर्डप्रेसवर वेबसाइट करून दिली. घरचा इंजिनिअर म्हणजे फुकटचा इंजिनिअर, हे तुम्हाला सांगायला नको.

शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी २४ फेब्रुवारी २०२३ ला आली. जिल्ह्याची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. डिसेंबरात, म्हणजे ऐन सीझनला, मामा म्हणाले, "अरे, पाट्या बदलल्या, आपल्या साइटवर अजून जुनंच नाव आहे. तेवढं बदलून टाक." मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे मामा. इंजिनिअरने हे वाक्य उच्चारलं की समजायचं, रात्र गेली.

रात्री अकराला मी डेटाबेसमध्ये थेट एक क्वेरी मारली. रोमन लिपीतलं जुनं नाव शोध, त्याजागी नवं टाक, सगळ्या टेबलांत. झालं, झोपलो. सकाळी सातला मामांचा फोन: "बाळा, बुकिंगचा फॉर्म कुठं गेला?" मी साइट उघडली. लोगो नाही, रंग मूळ थीमचे निळे, तळाचा पत्ता गायब, फॉर्मच्या जागी रिकामा चौकोन. सगळ्यात वाईट म्हणजे वरची पट्टी गेली होती. 'अजिंठा लेणी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद', असं तिच्यावर लिहिलेलं असायचं. त्या दिवशी पुण्याच्या एका कुटुंबाने फोनवर सोमवारचं अजिंठा मागितलं. मामांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, नाहीतर शंभर किलोमीटर जाऊन बंद गेट बघून माणसं परत आली असती.

मी जे नेहमी करतात तेच केलं. सगळे प्लगइन बंद केले, काही फरक नाही. थीम बदलून वर्डप्रेसची मूळ थीम लावली, फॉर्म तरी रिकामाच. मग डीबग मोड चालू करून एरर लॉग बघितला. त्यात काहीच नव्हतं! मे २०१९ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपासून साइट पूर्ण कोसळली तर वर्डप्रेस मालकाला ईमेल पाठवतं आणि रिकव्हरी मोडची लिंक देतं. तसा ईमेलही नव्हता, कारण साइट कोसळली नव्हती. ती नुसती विसरली होती.

आता ते आकड्यांचं.

लेख आणि पानं डेटाबेसमध्ये साध्या मजकुरासारखी राहतात. तिथे नाव बदललं तर बिघडत नाही. पण थीमच्या आणि प्लगइनच्या सेटिंग्ज तशा राहत नाहीत. लोगो कोणता, रंग कोणता, पत्ता काय, पट्टीवर काय लिहायचं, हे सगळं पीएचपी एका लांब ओळीत बांधून ठेवते. याला सीरियलाइज करणं म्हणतात. यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. जुनं नाव रोमनमध्ये १० अक्षरांचं. म्हणजे ओळीत असतं: 'पुढे १० बाइट आहेत', आणि मग नाव. माझ्या क्वेरीने नाव बदललं, आकडा नाही. नवं नाव रोमनमध्ये मधल्या जागेसकट २५ अक्षरांचं. पीएचपी दहा बाइट मोजून थांबते, तिथे अवतरणचिन्ह मिळायला हवं, मिळतं नावाच्या मधलंच अक्षर. मग ती चुकीचा भाग सोडून बाकीचं वाचते का? नाही. अख्खी ओळ फेकून देते, तीही गुपचूप. वर्डप्रेसला वाटतं, सेटिंग्ज नाहीतच, चला मूळच्या वापरू.

म्हणून सोमवारच्या पट्टीत शहराचं नावच नव्हतं तरी ती गेली. पत्ता आणि पट्टी एकाच गाठोड्यात होते. फॉर्मचंही तेच झालं. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'कुठून निघणार' या प्रश्नाच्या उत्तरांत शहराचं नाव होतं.

देवनागरीत मोजणी अजून फसवी आहे. आपल्याला 'औरंगाबाद' पाच अक्षरांचं दिसतं. संगणकाला काना, अनुस्वार धरून ८ चिन्हं दिसतात, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे २४. 'छत्रपती संभाजीनगर'ची चिन्हं १६, अधिक एक जागा, म्हणजे ४९ बाइट. हाताने आकडा दुरुस्त करायला गेलात तर अक्षरं मोजू नका, बाइट मोजा. खरं तर हाताने जाऊच नका.

दुरुस्ती कशी केली? होस्टिंगकडे आदल्या पहाटेचा बॅकअप होता. तो अख्खा परत टाकायला माझा हात शिवशिवत होता. पण आदल्या दिवसभरात आलेल्या तीन चौकश्या त्याच डेटाबेसमध्ये होत्या. बॅकअप टाकला की त्या पुसल्या जाणार. मामांच्या धंद्यात तीन चौकश्या म्हणजे तीन दिवसांच्या गाड्या. म्हणून आधी त्या बाहेर काढून घेतल्या, मामांना व्हॉट्सअ‍ॅप केल्या, मग बॅकअप टाकला. त्यानंतर नाव बदलायला डब्ल्यूपी-सीएलआय हे साधन वापरलं. त्यातला सर्च-रिप्लेस गाठोडं आधी सोडतो, बदल करतो, परत बांधतो, त्यामुळे आकडे आपोआप बरोबर येतात. त्यात ड्राय रन नावाची सोय आहे. प्रत्यक्षात काहीच न बदलता कोणत्या टेबलात किती ठिकाणी बदल होतील ते सांगते. लेखांच्या टेबलातला जीयूआयडी नावाचा रकाना मी वगळला. ती लेखाची कायमची ओळख असते, तिला हात लावत नाहीत.

ड्राय रनमुळे अजून एक घोळ पकडला. एका फोटोच्या फाइलचं नाव जुन्या शहरनावाने, मोठ्या अक्षराने सुरू होणारं होतं. डेटाबेसमध्ये नाव बदललं असतं, पण सर्व्हरवरची फाइल जुन्याच नावाने राहिली असती, आणि फोटोच्या जागी तुटलेलं चित्र दिसलं असतं. साइटच्या पत्त्यात आणि ईमेलमध्येही जुनं नाव आहे, पण लहान अक्षरांत. शोध लहान-मोठं अक्षर वेगळं मानतो, म्हणून ते वाचलं. हे माझं डोकं नाही, नशीब.

डेटा बरा झाला, आता दिसण्याचं. २५ अक्षरांचं नाव मोबाइलच्या हेडरमध्ये मावेना, दोन ओळी झाल्या आणि 'बुक करा' बटण मेनूच्या खाली दडलं. शीर्षक मराठीत केलं तर वेगळीच गंमत. थीमने शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवून दिलं होतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. लेटर-स्पेसिंग शून्य केलं, ओळींमधलं अंतर वाढवलं, म्हणजे वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना धडकत नाहीत. फॉन्ट मुक्ता घेतला. मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, फुकट आहे, आणि जोडाक्षरं नीट दाखवतो.

हे बदल कुठे लिहायचे, इथे बरेच जण चुकतात. कॉलेजात मी थेट थीमच्या फाइलमध्ये लिहायचो. थीम अपडेट झाली की सगळं साफ. चाइल्ड थीम करा. एक फोल्डर, त्यात एक स्टाइलची फाइल, तिच्या डोक्यावर मूळ थीमच्या फोल्डरचं नाव. मूळ थीम खुशाल अपडेट होऊ द्या. फक्त एक लक्षात ठेवा, चाइल्ड थीम चालू केली की लोगो, रंग आणि अ‍ॅडिशनल सीएसएस रिकामे दिसतात, कारण त्या सेटिंग्ज प्रत्येक थीमच्या नावाने वेगळ्या साठवल्या जातात. घाबरू नका, जुन्या थीमखाली त्या तशाच आहेत.

आणि प्लगइन बंद करून बघायचे असतील तर चालू साइटवर माझ्यासारखे करू नका. 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' नावाचं प्लगइन आहे. त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये प्लगइन फक्त तुमच्यापुरते बंद होतात, गिऱ्हाइकाला साइट जशीच्या तशी दिसते. मी त्या सकाळी वीस मिनिटं सगळ्यांसाठीच बंद ठेवले होते. मामांना हे अजून माहीत नाही. ते पॉडकास्ट ऐकत नाहीत.

शेवटची एक खोड. मामांना नवं पान हवं होतं, 'छत्रपती संभाजीनगर ते अजिंठा टॅक्सी'. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवतं, आणि त्या तुकड्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसकट ९ अक्षरं खातं. शहराच्या नावातच १४५ संपली. पत्ता झाला 'छत्रपती-संभाजीनगर-ते-अजि'. मामांनी ती लिंक गिऱ्हाइकाला पाठवली आणि मला फोन केला, "हे अजि कोण?" तेव्हापासून पानाचा पत्ता मी रोमनमध्ये, छोटा, हाताने टाकतो.

जुनं नाव मात्र साइटवरून पूर्ण काढलं नाही. परदेशी पर्यटक अजून तेच टाइप करून शोधतात, म्हणून 'आमच्याबद्दल'च्या पानावर एका वाक्यात ठेवलंय. त्यात मामांनी स्वतःहून भर घातली: बिहारमध्येही याच नावाचं एक शहर आहे, आमची गाडी तिथे येत नाही.