आंबील : म्हातारपणीचा ओळखीचा घोट

जुळे सोलापुरातील पुष्कळ घरांत दुपारी एकच चिंता असते : आईंना भाकरी चावत नाही आणि खिचडीचा त्यांना वीट आला आहे. ताट तसेच परत येते, वजन उतरत जाते. आपण पौष्टिक चूर्णाचा डबा आणता. तोही अर्धा राहतो. वाचकहो, अशा वेळी आंबिलीचे स्मरण करावे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या ज्वारीच्या मुलखात हे पेय काही परके नाही. वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, शेतात आंबिलीचे मडके नेल्याची आठवण आईंना असेलच.

धान्य आंबवून घरोघर पेय करण्याची रीत दूर फिनलंडमध्येही आहे. तेथील शेतकरी जव व राय यांपासून ‘साहती’ करतात आणि जुनिपरच्या फांद्यांतून गाळतात. युरोपीय संघाने 2002 मध्ये त्या पारंपरिक पद्धतीला संरक्षण दिले. साहती मात्र मद्यच. आंबिलीत मद्यार्क नसल्यातच जमा.

रात्री अर्धी वाटी ज्वारीचे पीठ वाटीभर ताकात कालवून मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवावे. तांब्या-पितळेचे भांडे आंबटाला चालत नाही. सकाळी चार वाट्या उकळत्या पाण्यात ते मिश्रण धार धरून सोडावे, ढवळत आठ-दहा मिनिटे शिजवावे; ठेचलेला लसूण, जिरे व बेताचे मीठ घालावे. शिजताना आंबवणारे जिवाणू मरतात, म्हणून आंबील निवाल्यावर थोडे ताजे ताक मिसळावे. आंबवण्याने धान्यातील फायटेट कमी होते आणि लोह व जस्त शरीराला अधिक मिळते. दातांना तर कामच नाही.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये मात्र रात्रभर थांबू नये. चार-पाच तासांत पीठ आंबते. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली, तर ते टाकून द्यावे. काटकसरीचा हा प्रसंग नव्हे. उरलेली आंबील शीतकपाटात ठेवून त्याच दिवशी संपवावी.

आंबील सर्वांनाच सरसकट मानवते असे नाही. मधुमेहींनी ती भाकरीच्या जागी मोजावी, भाकरीवर वरकड नव्हे. रक्तदाब असेल तर मीठ अगदी कमी घालावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असून पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ पेयाचाच धोका असतो. तेथे किती घट्ट द्यावे हे तज्ज्ञांनीच सांगावे. इतरांना बसवून, लहान घोटांनी पाजावी.

आणि पीठ पुरेसे आंबले की नाही, हे घड्याळापेक्षा आईंना विचारावे. भांडे त्यांच्यापुढे धरा. वासावरून त्या नेमके सांगतील, आणि लसूण कमी पडला हेही.