शिखर आणि परतीची वाट

पेण ते रोहा या लोहमार्गावर निडी हे एक छोटे स्थानक आहे. तेथून रोह्याकडे जाताना दाट झाडीने वेढलेला अवचितगड दिसतो. त्याची उंची सुमारे तीनशे मीटर. हिमालयाच्या हिशेबात ती नगण्यच. या भागातील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी प्रश्न केला, “सर, चढायला सर्वांत अवघड पर्वत कोणता?” एव्हरेस्ट हे उत्तर त्याला अपेक्षित असावे. परंतु प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यात लक्ष घालावे इतका तो आपल्या व्यवहाराशी निगडितही आहे.

उंची हीच अवघडपणाची मोजपट्टी मानली, तर 8,848.86 मीटर उंचीच्या एव्हरेस्टपुढे सारेच पर्वत सोपे ठरतील. वस्तुस्थिती तशी नाही. उंचीच्या क्रमवारीत दहावा असलेला 8,091 मीटरचा अन्नपूर्णा पर्वत गिर्यारोहकांना कितीतरी अधिक धास्ती घालतो. त्याच्या उतारांवरून हिमकडे केव्हा कोसळतील याचा नेम नसतो. एकेकाळी तेथे दर तीन यशस्वी आरोहणांमागे जवळजवळ एक मृत्यू असे भयंकर प्रमाण होते. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते हिने आणि पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या गिर्यारोहकांनी एप्रिल 2021 मध्ये हेच शिखर गाठले. त्या यशाचे मोल केवळ मीटरांत मोजता येणार नाही, ते याचसाठी.

तेव्हा खडकाचा तीव्र उतार, हिमकड्यांचा धोका, लहरी हवामान, विरळ प्राणवायू आणि वस्तीपासूनचे अंतर या साऱ्यांचा मिळून अवघडपणा बनतो. मात्र यांतील बऱ्याच अडचणींवर पैशाने तोडगा काढता येतो, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रायगडाच्या सुमारे चौदाशे पायऱ्या चढताना धाप लागते; परंतु 1996 पासून तेथे रज्जुमार्ग आहे आणि तिकीट काढणारा काही मिनिटांत वर पोहोचतो. रायगड तोच, कडे तेच. भांडवल ओतल्याने चढण तेवढी सोपी झाली. एव्हरेस्टवरही याहून वेगळे घडलेले नाही. शेर्पा आधी पुढे जाऊन दोर बांधतात, शिड्या टाकतात, प्राणवायूच्या नळकांड्या वर पोहोचवतात आणि पैसे भरणारा त्या दोराला धरून चढतो. 1998 साली सुरेंद्र चव्हाण हे महाराष्ट्रातील पहिले एव्हरेस्टवीर ठरले, त्यानंतरच्या काळात ही वाट कितीतरी गजबजली. यात आरोहकाचे कर्तृत्व उणे होत नाही. परंतु अवघडपणाचा मोठा वाटा शेर्पांच्या पाठीवर गेला, हे मान्य करावे लागेल.

मग पैशाने सोपी न होणारी, उलट अधिकच अवघड होणारी अशी कोणती गोष्ट उरते? माझ्या मते ती म्हणजे परत फिरणे.

अर्थशास्त्रात ‘बुडीत खर्च’ नावाची एक कल्पना आहे. जो खर्च होऊन गेला आणि काहीही केले तरी परत मिळणार नाही, त्याचा विचार पुढील निर्णय घेताना करू नये, असे हे शास्त्र सांगते. सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात माणूस नेमके उलटे वागतो. तिकिटाचे पैसे दिले म्हणून कंटाळवाणे नाटक शेवटपर्यंत पाहतो; आतापर्यंत इतके ओतले म्हणून तोट्यातल्या धंद्यात आणखी ओततो. नाटकगृहात या चुकीची किंमत दोन तास असते. पर्वतावर ती प्राणांची असू शकते.

1996 सालच्या मे महिन्यात एव्हरेस्टवर याची दोन टोकाची उदाहरणे घडली. एक स्वीडिश गिर्यारोहक, योरान क्रॉप, आपल्या देशातून सायकलीने नेपाळला आला होता. महिनोन् महिन्यांचे श्रम पाठीशी असताना आणि शिखर सुमारे शंभर मीटरांवर असताना, वेळ फार झाली हे ओळखून तो मागे वळला. दुसरा माणूस अमेरिकेतील एक टपाल कर्मचारी. रात्री टपाल खात्यात आणि दिवसा बांधकामावर राबून त्याने मोहिमेचे पैसे उभे केले होते. आदल्या वर्षी शिखराजवळून तो परतला होता, आणि या खेपेस पुन्हा परतणे त्याला जमले नाही. दुपारी दोननंतर कोणीही पुढे जायचे नाही असे ठरले असताना चार वाजून गेल्यावर तो शिखरावर पोहोचला. त्याला साथ देणारा अनुभवी मोहीमनेताही त्याच्याबरोबर थांबला. संध्याकाळी वादळ आले आणि दोघेही परतले नाहीत. 10 व 11 मे या दोन दिवसांत त्या पर्वतावर आठ जणांचा बळी गेला. क्रॉप मात्र त्याच महिन्याच्या 23 तारखेला, कृत्रिम प्राणवायूविना, शिखरावर उभा होता.

त्या टपाल कर्मचाऱ्याला मूर्ख म्हणण्याचे धाडस मला होत नाही. पगारातून पै-पै साठवणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे मन सहज कळेल. ज्याच्यापाशी पुन्हा येण्याइतका पैसा आहे त्याला आज परतणे तुलनेने सोपे असते. ज्याने आयुष्याची पुंजी एका डावावर लावली त्याला ते जवळजवळ अशक्य वाटते. एकच पर्वत दोघांना सारखा अवघड नसतो, तो या अर्थाने.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील एक घटना आठवते. 2018 साली राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे दहा विद्यार्थी एव्हरेस्ट मोहिमेवर गेले. त्यांतील पाच जणांनी शिखर गाठले. त्यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु उरलेल्या पाच जणांची नावे आपल्यापैकी कितींना सांगता येतील? घरदाराच्या आणि शाळेच्या आशा पाठीवर घेऊन इतक्या उंचीवर जाणे आणि शिखराविना सुखरूप घरी येणे, हेही शौर्यच नव्हे काय? समाज जोवर केवळ शिखरालाच हार घालतो, तोवर परतीची वाट तो आपल्याच हातांनी अवघड करीत असतो.

विशेष म्हणजे आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. रायगडाशी जोडलेली सर्वांत लोकप्रिय आख्यायिका चढण्याची नाही, उतरण्याची आहे. दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्या लेकरासाठी हिरकणी अंधारात कडा उतरून गेली, आणि तिच्या नावाचा बुरूज आजही तेथे दाखवला जातो. गडावर पोहोचल्याबद्दल तिचे कौतुक कोणी केले नाही. ती घरी पोहोचली, याचे केले.

हा विचार दूरच्या हिमालयापुरता नाही. पावसाळा लागला की रविवारी सह्याद्रीतल्या गडांवर आणि धबधब्यांवर आपल्या विद्यार्थ्यांची झुंबड उडते. माणशी वर्गणी भरलेली असते, बस ठरलेली असते, छायाचित्रे पाठवण्याची आश्वासने दिलेली असतात. ओढ्याचे पाणी वाढलेले डोळ्यांना दिसते, तरी “एवढे आलोच आहोत तर” हे वाक्य कोणीतरी उच्चारतेच. तीनशे मीटरांचा अवचितगडही निसरड्या वाटेवर, धुक्यात आणि मावळत्या उजेडात त्या एका वाक्यामुळे जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून सहली नेणाऱ्या शिक्षकांनी आणि संस्थांनी निघण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवावी, ती सर्वांना सांगावी आणि ती मोडण्याचा अधिकार नेत्यालाही ठेवू नये. हवामानामुळे बेत रद्द झाल्यास वर्गणीचा काही भाग परत देण्याची किंवा पुढील सहलीस वळती करण्याची सोय करावी; त्यामुळे बुडीत खर्चाचे ओझे तेवढे हलके होईल. आणि अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी हसणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले ते असे : ज्या पर्वतावरून मागे वळणे तुला सर्वांत जड जाईल, तोच तुझ्यासाठी सर्वांत अवघड. तो कोणता, हे पायथ्याशी असतानाच ओळखून ठेव.