पाणी खाणारे इंजिन

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वराकडे माल नेणारा, पंधरा-वीस वर्षे वापरलेला एखादा डिझेल पिकअप अर्ध्या वाटेत तापतो. रेडिएटरमधून वाफ उसळते आणि गाडी कडेला घ्यावी लागते. भोवती जमलेल्या चौघांपैकी एक जण तरी तत्काळ सांगून मोकळा होतो, की हेड गॅस्केट उडाले! हे निदान खरे असेल तर इंजिन खोलावे लागणार, गाडी कित्येक दिवस उभी राहणार आणि त्या एका गाडीवर ज्याचे घर चालते त्याचा हंगाम हातचा जाणार. असा निवाडा पुराव्यावाचून देणे बरे नव्हे. इंजिन तापणे हे लक्षण आहे, रोग नव्हे.

सिलिंडर ब्लॉक आणि त्यावर बोल्टांनी आवळून बसवलेले हेड, यांच्या सांध्यात एक-दीड मिलिमीटर जाडीचे हे गॅस्केट असते. सिलिंडरमधील स्फोटाचा दाब, थंडाव्याचे पाणी आणि वंगणाचे तेल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवणे हे त्याचे काम. पुष्कळ इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन बेसुमार तापले की हेड वाकते, सांधा सैल होतो आणि गॅस्केट हार खाते. म्हणजे गॅस्केट हे बहुधा तापण्याचे कारण नसून त्याचा बळी असते. मूळ दोष तसाच ठेवून नवे गॅस्केट घातले, तर तेही त्याच वाटेने जाते.

म्हणून प्रथम स्वस्त संशयितांची झडती घ्यावी. पंख्याचा पट्टा ढिला आहे काय, थर्मोस्टॅट उघडतो काय, बोअरच्या जड पाण्याचा क्षार साचून रेडिएटर चोंदला आहे काय, हे आधी पाहावे. रेडिएटरच्या झाकणाकडे तर कुणाचे लक्षच जात नाही. सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब या झाकणाने धरला, तर पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची स्प्रिंग मेली की हा आधार जातो. आणि सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी उघडे पाणी मुळातच पंचाण्णव-शहाण्णव अंशांवर उकळते. घाटात उकळणारी गाडी सपाटीवर निरोगी वाटते, त्याचे एक कारण हेही असू शकते. अर्थात हे झाकण इंजिन निवाल्यावरच उघडावे. गरम असताना उघडल्यास हातातोंडावर उकळते पाणी येते.

हे सारे ठीक निघाले आणि तरीही पाणी कमी होत राहिले, तर गॅस्केटवरील संशय बळावतो. कारागीर म्हणतात, ‘गाडी पाणी खाते.’ शब्द मोठा मार्मिक आहे, कारण खाली कोठेही थेंब दिसत नाही. मात्र ठळक खुणाही फसव्या असतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक घाबरतात. परंतु पावसाळ्यात गाडी थोड्या थोड्या अंतरावरच फिरत असेल तर हवेतील ओलावाही तशी साय धरवतो. पट्टीवरचे संपूर्ण तेल चहासारखे झाले असेल, तर गोष्ट वेगळी. थंडीतल्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी वाफ थोड्या वेळात विरते. गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट सिलिंडरमध्ये जळते आहे असे समजावे.

अधिक विश्वासाची परीक्षा थंड इंजिनावर होते. झाकण लावून इंजिन सुरू करावे. पाणी कोमट होण्याआधीच, मिनिट-दोन मिनिटांत, वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला तर तो दाब वाफेचा नव्हे, स्फोटाचा. झाकण काढून पाहिल्यास बुडबुडे अखंड येताना दिसतात. नुकतेच पाणी भरले असेल तर अडकलेली हवाही काही वेळ बुडबुडे देते, तेवढी सवड द्यावी. याहून पक्का पुरावा एक निळा द्रव देतो. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा त्यातून ओढली असता तीत कार्बन डायऑक्साइड असल्यास निळेपणा जाऊन हिरवट वा पिवळी छटा येते. पाण्याची पातळी आधी थोडी उतरवावी, नाहीतर पाणीच नळीत शिरते आणि परीक्षा वाया जाते.

शेवटी कॉम्प्रेशनची मोजणी. डिझेलमधील दाब पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असल्याने पेट्रोलचे गेज येथे चालत नाही. शेजारशेजारच्या दोनच सिलिंडरांचा दाब एकदम खाली असेल, तर गॅस्केट त्यांच्या मधोमध फुटल्याचा तर्क दृढ होतो. एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगाही दोषी असू शकतात. त्या सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा भरली असता रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, की प्रश्न गॅस्केटचा किंवा तडकलेल्या हेडचा उरतो.

एवढा पुरावा हाती आल्यावर मात्र ‘हा हंगाम निघू दे’ म्हणणे महागात पडते. रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी साचले, तर सकाळी स्टार्टर मारताच पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून त्याचा बाक तपासतात. पुष्कळ इंजिनांत एक दशांश मिलिमीटरचा बाकही नापसंत ठरतो. अनेक डिझेल इंजिनांचे गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचे मिळते आणि त्याच्या कडेवरील खाचा किंवा भोके ती जाडी सांगतात. नवे आणताना ती जुन्याशी ताडून घ्यावी लागतात.