गेम खेळताना मळमळ?

"अम्मी, मळमळतंय," म्हणत आमचा धाकटा माइनक्राफ्ट सोडून उठला, तेव्हा आम्ही लिंबूपाणी दिलं. हे बरेच दिवस होत होतं. सांगितलं तर गेम बंद होईल म्हणून पोरगं गप्प होतं.

एस.टी.त घाट लागल्यावर होतं तेच हे, फक्त उलट. बसमध्ये कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल कळते, पुस्तकात खुपसलेल्या डोळ्यांना नाही. इथे डोळे धावतात आणि शरीर गादीवर बसलेलं.

माइनक्राफ्टच्या सेटिंगमध्ये 'व्ह्यू बॉबिंग' असतं. चालताना पडदा डुलतो तो त्यामुळे. आम्ही ते आधी बंद केलं. 'एफओव्ही', म्हणजे दृश्याची रुंदी, मुळात 70 असते. ती थोडी थोडी वाढवली. कुणाला कमीही मानवते, करूनच पाहावं लागतं. पडद्यापासून लांब बसवलं, खोलीतला दिवा चालू ठेवला.

जांभया, थंड घाम सुरू झाला की तिथेच थांबायचं. "एवढं घर बांधून होऊ दे" म्हणत रेटलं, तर नंतर कितीतरी वेळ डोकं जड राहतं. त्याच्या आपाला यातलं काहीच होत नाही, आणि ती ते त्याला रोज ऐकवते.