सतरा माणसं आणि चार तारा

'आई, येणार असशील तर कापसाचे बोळे घेऊन ये,' लेकीचा फोन. म्हटलं, 'कानात घालायला, की जखमेवर ठेवायला?' ती हसली. मी मात्र पर्समध्ये खरंच कापूस टाकला. त्याच पर्समध्ये ह्यांनी दिलेले दोन स्थळांचे फोटोही होते.

मैत्रिणींनो, गोष्ट २०१९ च्या डिसेंबरातली. लेकीने पुण्यातली चांगली कॉम्प्युटरची नोकरी सोडून आठ महिने झाले होते. चौघांच्या बँडमध्ये ती बेस गिटार वाजवते. 'इंडी रॉक' म्हणे. मला वाटायचं, इंडी म्हणजे इंडियन. तर नाही, इंडिपेंडंटचं ते लाडकं नाव! मागे मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही. गाणी आपली आपण लिहायची, बसवायची आणि रेकॉर्डिंगचा खर्चही आपणच करायचा. हा शेवटचा मुद्दा ह्यांना फारच झोंबला होता. 'आता पुरे कर, एवढं सांगून ये,' असं बजावून त्यांनी मला मिरजेत कोयना एक्स्प्रेसमध्ये बसवलं.

कार्यक्रम कोरेगाव पार्कातल्या एका क्लबात. सातची वेळ, सुरू झाला साडेआठला. लोक येतील म्हणून थांबले होते. एकीकडे बार, मध्ये उंच उंच स्टुलं, कोपऱ्यात वीतभर उंचीचं स्टेज. बारमागच्या टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, आणि तो कार्यक्रमभर कुणी बंद केला नाही. मी एकटी साडीतली. वेटर दोनदा येऊन 'मॅडम, कुणाला शोधताय?' विचारून गेला.

आपल्याला हळदीकुंकवाची सवय. वाण किती आणायचं म्हणून बायका मोजायच्या. मी तशीच मोजत बसले. सतरा. त्यात मी, दोघे वेटर आणि ड्रमवाल्याची बहीण. तिकीट तीनशे रुपये, काढलेलं अकरा जणांनी. म्हणजे तेहतीसशे. अर्धे क्लबाचे. उरलेल्या साडेसोळाशेत चौघं, वर सामान आणायचं रिक्षाभाडं. हिशेब डोक्यात होत होता आणि पोटात गोळा येत होता. आठ महिने पोरगी ह्यावर जगतेय?

ड्रमवाला मुलगा पाणी घेऊन आला. 'काकू, आज जरा कमीच आहेत.' आमच्याकडे पंगतीला पानं मोकळी राहिली की यजमान बोलतो ना, अगदी त्याच आवाजात. म्हटलं, 'इथे २०१० पासून तो वीकेंडर का काय सुरू झाला, त्याला म्हणे मैदान भरायचं?' तो म्हणाला, 'तिथे वीस नावं वाचून माणूस तिकीट काढतो, काकू. क्लबात आमच्या एकट्याच्या नावावर यायला लागतं. मुंबईचा ब्लू फ्रॉग केवढा गाजलेला, २०१६ ला तोही बंद झाला.'

मग सुरू झालं. कापूस लगेच घातला. पहिली दोन गाणी मला नुसता गलका वाटली, खोटं कशाला सांगू! गाणारा मुलगा पुढे, गिटारवाला उड्या मारतोय, आणि आमची लेक मागे, भिंतीला टेकल्यासारखी. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. मनात आलं, एवढं करून दिसायचंही नाही?

तिसऱ्या गाण्यात तिच्या गिटारची वायर सुटली.

बाकीचे वाजवतच होते, तरी गाणं एकदम पोकळ झालं. बसल्या जागी पायाखाली काहीतरी धडधडत होतं, ते गेलं. स्टुलावरची एक मुलगी मोबाइलमधून मान वर करून बघायला लागली. लेकीने खाली वाकून वायर लावली, डोळे मिटले, आणि पुढच्याच ठोक्याला गाणं परत जमिनीवर आलं. मी कापूस काढून टाकला.

मिरजेत वाढलेल्या बाईला हे कळायला तीन गाणी लागावीत? आमच्याकडे तंबोरे बनतात. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे लहानपणापासून बसलेय. गवयामागे तंबोऱ्यावर बसलेल्या पोरीकडे कोण बघतं? पण तार उतरली की समोरच्या म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी. तंबोऱ्याला चार तारा. मोजल्या, हिच्या गिटारलाही चारच. अर्थात तंबोरा षड्ज धरून बसतो आणि ही सारखी जागा बदलते, एवढं मलाही समजतं.

पुढे सहा गाणी झाली. अकरा तिकिटांतले चौघं मध्येच उठून गेले. ह्यांनी एकही गाणं गाळलं नाही, घाईत उरकलं नाही.

बाहेर आल्यावर लेकीने गिटार पाठीला लावली. 'कसं वाटलं?' तिने रस्त्याकडे बघत विचारलं.

'वायर नवीन घे,' मी म्हटलं. 'केवढ्याला येते?'

'चांगली आठशे-हजारला.'

तिच्या वाट्याला त्या रात्री चारशे बारा आले होते. उरलेले मी घातले. ती 'नको गं' म्हणाली, पण घेतले. पैसे काढताना फोटोंचं पाकीट हाताला लागलं. ते तिथेच राहिलं. दिवाणखान्यात नाही, निदान त्या रस्त्यावर तरी ते काढवेना.

रात्री अकराला ह्यांचा फोन. 'बोललीस का?'

'उद्या बघते.'

'बरं, माणसं किती होती?'

'होती की,' म्हटलं. 'मला बसायला नीट जागा मिळाली.'