प्रकाशाचा सांधा

नांदगावच्या माणसाला रेल्वेचा सांधा समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या मनमाड जंक्शनात एक वाट भुसावळकडे, एक दौंडकडे, तर एक छत्रपती संभाजीनगरकडे फुटते. गाडी कितीही वेगवान असो, ती कोणत्या वाटेने जावयाची हे सांधाच ठरवितो. आजचा विषय अशाच एका सांध्याचा आहे. फरक एवढाच, की येथे गाडीही प्रकाशाची आणि सांधा फिरविणारा हातही प्रकाशाचाच.

असा सांधा हवा तरी कशाला? दूरचे संदेश वाहण्याचे काम प्रकाशाने केव्हाच पत्करले आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी टिपलेले आकाशातील संकेत काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने, मध्यवर्ती इमारतीत येतात. या तंतूंत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. पण मुक्कामी पोचताच त्याला विजेचे रूप घ्यावे लागते. कारण पुढची आकडेमोड विजेवर चालणारी यंत्रे करतात. मनमाडला मीटर गेज होती त्या काळी माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे, तशातलाच हा प्रकार. यात वेळ जातो आणि वीजही खर्च होते. जगभरच्या संगणकगृहांची विजेची भूक वाढत असता हा खर्च आपल्या सर्वांच्याच चिंतेचा विषय झाला आहे.

मग आकडेमोडही प्रकाशानेच का करू नये? अडचण अशी, की प्रकाश प्रकाशाला ओळखत नाही. रात्री दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांना छेदू द्या. दोन्ही आपापल्या वाटेने निघून जातात. विजेचे कण एकमेकांना ढकलतात, म्हणून एका प्रवाहाने दुसरा अडविता येतो. प्रकाशाला मात्र मध्यस्थ लागतो.

असा एक मध्यस्थ पवईच्या आय.आय.टी.तील भौतिकशास्त्रज्ञ डॉ. परिंदा वासा आणि त्यांचे युरोपातील सहकारी यांच्या संशोधनात आढळतो. त्यांनी सोन्याच्या पातळ थरावर अतिसूक्ष्म चिरांची जाळी घेतली. तिची मापे नॅनोमीटरांत मोजावयाची. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. तिच्यावर एका रंगद्रव्याचा लेप होता. प्रकाश पडला की सोन्याच्या पृष्ठावरील विद्युत्कण एका तालात डोलू लागतात आणि प्रकाश त्या पृष्ठाशी दाटून राहतो. मग सोने आणि रंगद्रव्य यांच्यात ऊर्जेची देवाणघेवाण सुरू होते. एकाच फांदीला दोन झोपाळे टांगावेत, आणि एकाचा झोका ओसरून दुसऱ्याला चढावा, तसे हे चालते. ही जोडी कोणत्या रंगाचा प्रकाश शोषणार, हे त्या देवाणघेवाणीच्या बळावर ठरते. आता दुसरा, प्रखर झोत टाकून रंगद्रव्याचे पुष्कळसे रेणू उत्तेजित केले, तर देवाणघेवाणीला कमी रेणू उरतात, जोड सैल पडते आणि शोषणाचा रंग सरकतो. म्हणजे एका प्रकाशाने दुसऱ्याची वाट बदलली! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा बदल सुमारे १० फेम्टोसेकंदांत घडलेला दिसला. एवढ्या अवधीत प्रकाश स्वतः जेमतेम ३ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी अंतर जातो.

पण सांधा झाला म्हणजे केबिन झाली, असे नव्हे. जुन्या केबिनीत दांड्यांची अशी गुंफण असे, की सांधा योग्य लागला ‘आणि’ आडवी येणारी वाट बंद झाली, तरच सिग्नल पडे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे तीन शब्द यंत्राला शिकविले, की तर्क उभा राहतो. संगणकही मुळात एवढेच करतो. मात्र त्यासाठी एका सांध्याचे उत्तर पुढच्या सांध्याला हुकूम म्हणून देता आले पाहिजे. स्टॅनफर्डचे डेव्हिड मिलर यांनी २०१० साली प्रकाशाच्या ट्रान्झिस्टरचा विचार करताना याच अटींवर बोट ठेविले होते. प्रकाशाच्या बाबतीत येथेच घोडे अडते. फिरविणारा झोत पुष्कळदा फिरणाऱ्या झोताहून प्रखर लागतो. म्हणजे उत्तर हुकमाहून दुबळे निघते. धातू काही प्रकाश गिळतो आणि तापतो. शिवाय प्रकाशाला साइडिंगला उभे करून ठेवणे फार कठीण.

म्हणून ‘प्रकाशाचा संगणक आला’ अशी बातमी वाचनात आली, तर सुज्ञ वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. एका सांध्याचे उत्तर पुढचे दोन सांधे फिरवू शकते काय? वाटेत क्षीण झालेला संकेत पुन्हा पहिल्यासारखा स्वच्छ होतो काय? आणि झोत निर्माण करण्याची वीज हिशेबात धरली आहे काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ आले, तर तो दिवस खरोखर मोठा. तोवर संदेश वाहणे व त्यांच्या वाटा बदलणे प्रकाशाकडे, आणि निर्णय विजेकडे, ही वाटणीच शहाणपणाची.

यात निराश होण्याजोगे काही नाही. वेग हाती आला आहे. आता त्याला शिस्त लावावयाची आहे. रुळांवरही नुसत्या वेगाने कोणी मुक्कामी पोचत नाही. सांधेवाला जागा असावा लागतो.